इंटेल व्हीप्रोचं रिमोट मॅनेजमेंट: पावसाळ्यासकट काही महिने वापरल्यावर

विंडोज चालू असेल आणि कुणाला फक्त प्रिंटर जोडून द्यायचा असेल तर एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर, भरपूर झालं. त्यासाठी व्हीप्रोच्या, म्हणजे ऑफिसच्या पीसींत इंटेल देतं त्या दुरून देखभालीच्या सोयीच्या, भानगडीत पडायचं कारण नाही. त्यातलं एएमटी, म्हणजे ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, कामाला येतं ते विंडोजनं मान टाकल्यावर. चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर असतो, त्याला मॅनेजमेंट इंजिन म्हणतात. पीसी बंद असला तरी प्लगमध्ये वीज आणि मागे लॅनची केबल असली की तो जागा असतो; बिल्डिंग झोपली तरी वॉचमन जागा असतो तसा (निदान असायला हवा). त्याच्यामार्फत मशीन चालू-बंद करता येतं, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगचा, स्क्रीन घरबसल्या दिसतो, आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची नक्कल) दुरून जोडून तिच्यावरून मशीन सुरू, म्हणजे बूट, करता येतं. इंटेलनं हे २००६ मध्ये आणलं, म्हणजे नवलाई काहीच नाही. तरी कित्येक ऑफिसांत ते मशीनमध्ये नुसतं पडून असतं.

आमचं काम कस्टम्स क्लिअरिंगचं. मुख्य ऑफिस मुंबईत बॅलार्ड इस्टेटला, न्यू कस्टम हाऊसपासून चालत. एक विमानतळाजवळ सहार कार्गोला, एक खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदराला. आयटीला आम्ही दोघंच. न्हावा शेवाचं मशीन बसलं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. तिकडे जायला समुद्रावरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण एक पीसी उठत नाही म्हणून कंपनी गाडी आणि एका फेरीचा २५० रुपये टोल देईल, हे मनातले मांडे. काम दुसऱ्या पीसीवर सरकवावं म्हटलं तर डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि सह्या करायचं सगळं सेटिंग त्याच मशीनवर. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, अडकली की तासाभरात इम्पोर्टरचे फोन सुरू.

खरेदीपासूनच सांभाळावं लागतं. डीलर म्हणतो, ‘आय-फाइव्ह आहे, बिझनेस सिरीज आहे, अजून काय पाहिजे?’ पाहिजे ते चिपसेटमध्ये. डेस्कटॉपला क्यू मालिकेतला चिपसेट लागतो, उदाहरणार्थ क्यू ६७०; बी मालिकेतल्यात पूर्ण एएमटी नसतं. प्रोसेसरच्या बाराव्या पिढीपासून व्हीप्रोचेही दोन प्रकार झालेत, एंटरप्राइझ आणि एसेन्शियल्स. एसेन्शियल्सवर दुरून चालू-बंद करता येतं, पण स्क्रीन, कीबोर्ड, माऊस हातात देणारं केव्हीएम मिळत नाही, आणि आमच्या मते अर्धी किंमत त्या केव्हीएमचीच आहे. आमच्या एका खरेदीत परचेसनं फक्त प्रोसेसर पाहून ऑर्डर दिली. ती मशीनं उत्तम चालतात, एएमटी मात्र शून्य.

सेटअप कंटाळवाणा आहे, अवघड नाही. बूट होताना कंट्रोल आणि पी दाबायचं, मूळ पासवर्ड ॲडमिन, तो लगेच बदलायचा. नव्यात किमान आठ अक्षरं, त्यात इंग्रजी लहान आणि कॅपिटल दोन्ही, आकडा आणि एखादं चिन्ह लागतं. पुढे दोन रस्ते. क्लायंट कंट्रोल मोड विंडोजमधूनच झटपट चालू होतो, पण प्रत्येक वेळी केव्हीएम घेताना समोरच्या स्क्रीनवर सहा आकडी कोड येतो आणि तो कुणीतरी वाचून सांगावा लागतो. रात्री नऊला न्हावा शेवाच्या बंद ऑफिसात कोण वाचणार? ॲडमिन कंट्रोल मोडमध्ये ही परवानगी बंद ठेवता येते. त्याला एकतर प्रोव्हिजनिंगचं, म्हणजे एएमटी दुरून चालू करून द्यायचं, सर्टिफिकेट विकत घ्या आणि डीएचसीपीमधून (नेटवर्कवर मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय) मिळणारं डोमेन नाव त्याच्याशी जुळवत बसा, नाहीतर प्रत्येक मशीनपुढे स्वतः बसा. आम्ही दुसरं केलं. आमच्याएवढ्या पसाऱ्याला तेच बरं पडतं. शेकडो मशीनं असती तर सर्टिफिकेटशिवाय गत नव्हती. वरून सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळायला मेशसेंट्रल नावाचं सॉफ्टवेअर. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, जुन्या पीसीवर लिनक्स टाकून चालतं. दिसायला साधं, पण तक्रार नाही.

आता खरी अडचण. आमची बिल्डिंग जुनी, वायरिंगही तिच्याच वयाचं. शिपाईमामा संध्याकाळी निघताना एकेक बोर्ड बंद करत जातात, आणि शॉर्टसर्किटच्या बातम्या वाचणारा कुणीही त्यांना चूक म्हणणार नाही. पण बोर्ड बंद म्हणजे तो छोटा प्रोसेसरही मेला. मग कुठला पासवर्ड आणि कुठलं सर्टिफिकेट. मामांचं म्हणणं, ‘साहेब, रात्रभर त्या डब्यांमागे हिरवा दिवा लुकलुकतो. उद्या काही पेटलं तर किल्ली माझ्याकडे असते.’ यावर कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. शेवटी इलेक्ट्रिशियनकडून पीसी आणि नेटवर्क स्विचची लाइन वेगळी काढून यूपीएसवर घेतली, तिला तिचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) दिला, आणि पंखे, दिवे, चहाची किटली, चार्जर यांचे बोर्ड मामांच्या ताब्यात ठेवले. त्यांनी एमसीबी स्वतः पाडून पाहिला, मगच मान्य केलं. मुंबईतल्या कुणी हे करायचं ठरवलं तर आधी मामांशी बोला, सर्व्हरचं नंतर बघा. बायोसमध्ये वीज वाचवणारा ईआरपी किंवा डीप स्लीप नावाचा पर्याय असतो, तोही बंद ठेवा. नाहीतर बोर्ड चालू असूनही मशीन दुरून उठत नाही.

पावसाळ्यात त्याचं चीज झालं. सकाळपासून धो-धो, सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प, मी डोंबिवलीत घरी. अपडेटनंतर न्हावा शेवाचं सह्यांचं मशीन चालू होतंय, बंद होतंय. व्हीपीएनवरून (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित मार्ग) मेशसेंट्रल उघडलं, रीसेट दिला, केव्हीएममध्ये विंडोजच्या रिकव्हरीचा निळा स्क्रीन दिसला. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरनं ४८ आकडी किल्ली मागितली, ती ऑफिसच्या डोमेन सर्व्हरवर जपलेली होती. शेवटचा अपडेट काढला, मशीन उठलं. एनीडेस्क असतं तर ते विंडोजसोबतच आडवं पडलं असतं.

पण सगळं असं गोड नाही. मॉनिटर बटणानं बंद केलेला असला तर काही मशीनांवर केव्हीएममध्ये नुसता काळा पडदा येतो, कारण मॉनिटर जोडायच्या डिस्प्लेपोर्टला वाटतं मॉनिटरच नाही. त्यावर लॅमिंग्टन रोडवरून डमी प्लग, म्हणजे मॉनिटर जोडलाय असं भासवणारे प्लग, आणून लावले. स्वस्त आहेत आणि चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर त्या कार्डाचं चित्र केव्हीएमला दिसत नाही, त्याला इंटेलचं अंगचंच ग्राफिक्स लागतं. म्हणजे मोठ्या साहेबांच्या केबिनमधला सगळ्यात महागडा पीसी आमच्या हाताबाहेर! आयएसओ दुरून जोडून विंडोज नव्यानं टाकण्याचा विचार शाखेच्या लाइनवर करूच नका, मुंगीच्या पावलानं जातं. बिघडलेलं मशीन दुरुस्त करायची छोटी रेस्क्यू इमेज तेवढी जमते. लॅपटॉपला वाय-फायचं प्रोफाइल एएमटीसाठी वेगळं भरावं लागतं, तो झोपलेला असताना गाठायचा तर चार्जर लावलेला हवा, आणि यूएसबीचं साधं लॅन अडॅप्टर एएमटीला दिसतच नाही. लॅपटॉपांचा नाद आम्ही तूर्त सोडलाय.

सुरक्षेबद्दल मी थोडा भित्रा आहे, आणि कारण आहे. मे २०१७ मध्ये एएमटीतली जी त्रुटी जाहीर झाली तिच्यात लॉगिनच्या वेळी पासवर्डाच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडत होतं. विंडोजच्या खाली बसलेल्या गोष्टीत असं भोक म्हणजे अँटिव्हायरसला पत्ताही नाही. म्हणून जुनं मशीन घेतलं तर आधी उत्पादकाचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग बाकी. एएमटी ज्यांवरून बोलतं ती १६९९२ ते १६९९५ ही नेटवर्क पोर्ट राउटरवरून बाहेर कधीच उघडायची नाहीत. आमच्याकडे ती फक्त मेशसेंट्रलच्या सर्व्हरला पोचतात. आणि एएमटी वापरायचं नसलं तरी तो मूळ पासवर्ड बदला, कारण मशीनपुढे पाच मिनिटं बसायला मिळालेला कुणीही ते स्वतःच्या नावावर चालू करू शकतो.

अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, ‘म्हणजे तुम्ही आमचा स्क्रीन कधीही बघणार का?’ प्रश्न रास्त होता. केव्हीएम चालू असताना स्क्रीनभोवती लाल-पिवळी चौकट लुकलुकते, ती त्यांना दाखवली. शिवाय ऑफिसच्या वेळेत फोन केल्याशिवाय केव्हीएम घ्यायचं नाही, असा लेखी नियम केला. त्यानंतर कुरकुर थांबली.

एकाच खोलीत पाच-सात पीसी असलेल्या ऑफिसनं यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, उठून जाणं सोपं आहे. दोन-तीन ठिकाणी पसारा असेल आणि एखादं मशीन बसल्यावर धंदा अडत असेल, तर पुढच्या खरेदीत निदान तेवढं मशीन व्हीप्रो एंटरप्राइझ घ्या आणि ऑर्डरवर चिपसेटचं नाव लिहून द्या. आमच्या सहारच्या ऑफिसात अजून बी चिपसेटचीच मशीनं आहेत, तिथे काही बिघडलं की अजून मेट्रो आणि रिक्षा.