ईसीजी बिघडलेला आला: आधी टू-डी इको की स्ट्रेस टेस्ट?

आमच्या नानांचा ईसीजी यावलला काढला. मशीननेच कागदावर छापलं होतं, टी वेव्ह (प्रत्येक ठोक्याच्या शेवटी रेघेत येणारी लाट) उलटी. छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता, केळीच्या बागेत रोज फेरी चालू. जळगावला निघताना घरात वाद एकच, कोणती तपासणी आधी?

ईसीजी म्हणजे साधारण 10 सेकंदांची विजेची नोंद. बीपीने जाड झालेली हृदयाची भिंत, जुना झटका, रक्तातलं पोटॅशियम, कशानेही रेघ बदलते.

इको ही सोनोग्राफीच. पडून राहायचं, उपाशीपोटी जायची गरज नाही. झडपा, भिंतींची जाडी, पंपिंग दिसतं. रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज मात्र थेट दिसत नाही, आणि आरामात काढलेली इको ब्लॉकेज असूनही नॉर्मल येऊ शकते.

तिथे स्ट्रेस टेस्ट उपयोगी. सरकत्या पट्ट्यावर (ट्रेडमिल) चालायचं, दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. 220 मधून वय वजा करून त्याच्या 85 टक्के ठोके गाठायचे. नाना 64 चे, म्हणजे 133 च्या आसपास. पण त्यांचे गुडघे! शिवाय मुळात डावा बंडल ब्रांच ब्लॉक (रक्तवाहिनीत नव्हे, हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा) असेल, तर पट्ट्यावरच्या रेघेवरून ब्लॉकेज ठरवता येत नाही.

माझं मत इकोकडे. झडप फार आवळलेली असली आणि त्रासही होत असला, तर पट्ट्यावर चढणंच धोक्याचं. (छातीत आत्ता दुखतंय, घाम फुटलाय, तर दोन्ही सोडा, थेट इमर्जन्सी गाठा.)

नानांच्या इकोत भिंत जाड निघाली. बीपीची गोळी ते वर्षभर चुकवत होते.