जेवून आलात, हे ब्रिटिश इंग्रजीत सांगाल की अमेरिकन?

बाहेर जेवून आल्यावर त्याबद्दल इंग्रजीत चार वाक्यं बोलायची, तर वळण कुठलं धरावं? शब्दांचं फार मनावर घेऊ नका. ब्रिटनमध्ये 'बिल' तर अमेरिकेत 'चेक', 'टेकअवे' तर 'टेकआउट'; हे चटकन अंगवळणी पडतं. गोची होते ती क्रियापदांत.

नुकतंच जेवण झालं असेल तर ब्रिटिश माणूस म्हणणार 'आय हॅव जस्ट ईटन'. अमेरिकन सर्रास 'आय जस्ट एट' म्हणून मोकळा. प्रश्नही तसाच: 'हॅव यू ईटन येट?' की 'डिड यू ईट येट?' इथे माझं मत ब्रिटिश रूपाला. 'हॅव' अमेरिकेत कुणाला खटकत नाही, पण 'डिड यू ईट येट' ब्रिटनमध्ये लगेच अमेरिकन वाटतं.

'गेट'चं अमेरिकन रूप 'गॉटन' मात्र नीट समजून घ्यावं लागतं. 'वी हॅव गॉट अ टेबल' म्हणजे टेबल आपल्याकडे आहे. 'वी हॅव गॉटन अ टेबल' म्हणजे ते मिळवलं. अमेरिकन बोलण्यात हा भेद पाळतात. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे सहसा 'गॉट'च, अर्थ संदर्भावरून लावायचा. अमेरिकन इंग्रजी उचलणार असाल तर 'गॉटन' अर्धवट उचलू नका, मालकी सांगताना ते चालत नाही.

कर्मचाऱ्यांचं कौतुक करताना ब्रिटिश 'द स्टाफ वेअर लव्हली' म्हणतात, अमेरिकन 'द स्टाफ वॉज ग्रेट'. कटकट नको असेल तर सरळ 'द वेटर्स वेअर' म्हणा.

ब्रिटनमध्ये 'वी वेअर सॅट बाय द विंडो' कानावर पडेल. अर्थ एवढाच, की खिडकीशी बसलो होतो. उत्तर इंग्लंडच्या बोलीत हे मुरलेलं, आता इतरत्रही ऐकू येतं. पण प्रमाण व्याकरणात बसत नाही आणि अमेरिकन माणसाला वाटेल, कुणीतरी तुम्हाला तिथे नेऊन बसवलं. समजून घ्या, वापरू नका. शनिवार-रविवारसाठी ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणार असाल तर दोन्ही पद्धती चालतात, फक्त स्पेलिंगची सरमिसळ टाळा. अमेरिकन लोकांशी रोजचं काम असेल तर त्यांचं वळण घ्या. ऑर्डर देताना मात्र 'कॅन आय गेट'ऐवजी 'कुड आय हॅव' बरं. पहिल्यावर ब्रिटनमधली काही मंडळी नाक मुरडतात, दुसरं दोन्हीकडे सभ्य ठरतं.