'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड': पहिल्या सीझननंतर दुसरा सीझन बघावा की मांगा वाचावा?

या जपानी ॲनिमेचा, म्हणजे ॲनिमेशन मालिकेचा, पहिला सीझन ज्या ठिकाणी संपतो, तिथे कुणालाच थांबवत नाही. राक्षसांचं खाद्य म्हणून अनाथाश्रमात वाढवलेली मुलं भिंतीपलीकडे पोहोचली आहेत, पुढचं जग कसं आहे याचा पत्ता नाही, आणि दुसरा सीझन एका क्लिकवर आहे. तो लावायचा की मूळ मांगा (जपानी कॉमिक) हातात घ्यायचा, हे ठरवत असाल तर माझं मत आधीच सांगतो: मांगा घ्या. मोठी रहस्यं फोडणार नाही, पण काय वगळलंय हे सांगताना थोडंफार कळणारच.

आधी साधा हिशेब बघा. काइउ शिराई यांची कथा आणि पोसुका देमिझु यांची चित्रं असलेला हा मांगा ऑगस्ट २०१६ ते जून २०२० या काळात 'वीकली शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात आला. एकूण १८१ चॅप्टर, २० खंड. २०१९च्या पहिल्या सीझनने १२ भागांत पहिले ३७ चॅप्टर सांगितले, म्हणजे भागाला साधारण तीन. उरले १४४. ते २०२१ साली ११ भागांत उरकले. सगळं घेतलं असतं तर भागाला तेरा चॅप्टर बसवावे लागले असते. ते शक्यच नव्हतं, म्हणून कात्री चालली.

कात्री कुठे चालली यावर माझा खरा राग आहे. 'गोल्डी पाँड' हा अख्खा टप्पा दुसऱ्या सीझनमध्ये नाही. राक्षसांतले उमराव माणसाच्या पोरांना एका गावात मोकळं सोडतात आणि हौस म्हणून त्यांची शिकार करतात. या मुलांची म्होरकी एमा तिथे अडकते. पहिल्या सीझनमधली डोकेबाज कुरघोडी इथे उघड्या मैदानावर येते, आणि माणसांवर विश्वास टाकणारी एमा हातात शस्त्र घेऊन काय करते हे पहिल्यांदा दिसतं. बंकरमध्ये एकटा राहणारा, अर्धवट वेडावलेला तो माणूसही गायब. ॲनिमेतली मुलं पोहोचतात तेव्हा बंकर रिकामा असतो. मांगात त्या माणसाचं आणि मुलांचं आधी अजिबात जमत नाही. ते हळूहळू कसं जमतं, हे मला पूर्ण कथेतलं सगळ्यात जिवंत प्रकरण वाटतं.

हे वगळल्याचा फटका पुढे बसतो. एमाचा जिवलग मित्र नॉर्मन काय करू पाहतोय आणि एमा त्याला का अडवते, हा कथेचा मुख्य वाद आहे. मांगात तिने शिकार सोसलेली असते, जवळची माणसं गमावलेली असतात, आणि तरीही ती 'सगळ्या राक्षसांना मारून टाकू' याला नकार देते. त्या नकाराला वजन आहे. ॲनिमेत तीच एमा तेच बोलते, पण ते भोळं वाटतं, कारण तिने किंमत मोजलेली आपण पाहिलेलीच नसते. शेवटच्या भागात तर मुलांचा पुढचा सगळा प्रवास एकामागून एक स्थिर चित्रांत सरकवून टाकलाय. संवाद नाहीत, प्रसंग नाहीत. ज्या गोष्टींसाठी मांगात कितीतरी चॅप्टर लागले, त्या तिथे डोळ्यांसमोरून नुसत्या निघून जातात.

कथा तयार नव्हती म्हणून असं झालं, हे कारण इथे चालत नाही. २००३चा 'फुलमेटल अल्केमिस्ट' हा ॲनिमे मांगापेक्षा वेगळ्या वाटेने गेला, कारण हिरोमु अराकावा यांचा मांगा तेव्हा चालू होता. ॲनिमे करणाऱ्यांनी स्वतःचा शेवट रचला, त्याला ५१ भाग दिले, आणि आवडो न आवडो, तो शेवट गुंडाळलेला वाटत नाही. त्याच कथेवरचा २००९चा ॲनिमे 'ब्रदरहूड' मांगाला धरून चालतो. घाई आहे ती सुरुवातीच्या भागांत, शेवटाला मात्र भरपूर जागा आहे. 'नेव्हरलँड'चा मांगा तर दुसरा सीझन येण्याच्या काही महिने आधीच संपला होता. 'टोकियो गूल: री' या आणखी एका ॲनिमेलाही हीच घाई नडली: १७९ चॅप्टर, २४ भाग. तिथे तर कोण कुणाशी का लढतंय हेच कळेनासं होतं.

आता मांगाची दुसरी बाजू. त्याचाही शेवट निर्दोष नाही. राजधानीतल्या लढाईपासून लेखकालाही घाई झालेली जाणवते. जी कोडी आधी सावकाश उलगडायची, ती भराभर सुटतात, आणि खलनायकाच्या बाबतीत मला हवं होतं तितकं काही मिळालं नाही. पण तिथे घाई शेवटच्या टप्प्यात आहे. ॲनिमेच्या दुसऱ्या सीझनमध्ये ती चौथ्या-पाचव्या भागापासूनच आहे. शिवाय मांगात पात्रं खूप विचार करतात आणि ते सगळं फुग्यांत लिहिलेलं असतं. पहिल्या सीझनने ही स्वगतं काढून कॅमेरा, शांतता आणि मुलांना सांभाळणाऱ्या इसाबेलाच्या त्या अंगाईवर काम भागवलं होतं. म्हणून पहिल्या पाच खंडांपुरता मला ॲनिमे मांगाहून सरस वाटतो.

वाचायची सवयच नसेल, आणि पोरांचं पुढे काय झालं एवढंच हवं असेल, तर दुसरा सीझन एका संध्याकाळी आटोपतो. आवाज देणारे कलाकार तेच आहेत, पहिले तीन भाग ठीकठाक आहेत. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

मांगा घेणार असाल तर पाचव्या खंडापासून सुरुवात करा. अडतिसावा चॅप्टर त्यातच आहे, आणि पहिला सीझन सदतिसाव्यावर थांबलाय. दुसरा सीझन आधीच बघून हिरमुसला असाल, तरी मांगाची मजा फारशी गेलेली नाही. बंकरच्या दारापासून पुढचं जवळपास सगळं तुम्हाला नवीन असेल.