आयकराची नोटीस खरी की बनावट? पोर्टलवरची फुकटची सोय वापरून बघितली

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दुकानाचा हिशेब, जीएसटी आणि घरच्या चार माणसांचे रिटर्न, एवढीच माझी कराशी ओळख. सीए नाही, त्यामुळे हा अभिप्राय एका गिऱ्हाइकाचा समजा. कशाबद्दल, तर आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर 'ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर इश्यूड बाय आयटीडी' अशी लांबलचक नावाची एक सोय आहे, तिच्याबद्दल. पाचपैकी चार तारे.

माझे मामा तासगावला असतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी बँकेत १५एच, म्हणजे व्याजावर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, द्यायचा राहिला आणि एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला गेला. तो परत मिळावा म्हणून रिटर्न मीच भरला होता. रिफंड कधी येतोय म्हणून मामा रोज पासबुक बघत होते, आणि नेमका त्यातच फोन आला.

फोन हिंदीत. "इनकम टॅक्स ऑफिस से बोल रहा हूँ." तुम्ही उत्पन्न लपवलंय, रिफंड अडवलाय, पाचच्या आत १८,६४० रुपये भरा, नाहीतर वॉरंट निघेल. मामांचा पॅन त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. फोन कुणाचा ते दाखवणारं एक ॲप नातवानं मामांना घालून दिलंय, त्यावरही 'इनकम टॅक्स ऑफिस' असंच आलं. (त्या ॲपला माझ्याकडून शून्य. नावं लोकांनीच भरलेली असतात, आणि त्या लोकांत भामटाही आलाच.) मागोमाग व्हॉट्सॲपवर पीडीएफ. अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. फोन ठेवायचा नाही अशी ताकीद होती, पण मामांनी बॅटरी संपली म्हणून ठेवला आणि एसटी धरून थेट यार्डात आले. शर्ट घामानं भिजलेला. पाणी देऊन आधी गादीवर बसवलं.

१ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर, नोटिशीवर, आदेशावर डीआयएन म्हणजे संगणकानं काढलेला क्रमांक असावा लागतो. मामांच्या पीडीएफवर तोही होता! आयटीबीए या अक्षरांपासून सुरू होणारा, तिरप्या रेघांचा. खरं सांगतो, क्षणभर मीही गार पडलो. मामांना म्हटलं, "हा नंबर जुळतो का बघू."

मामा म्हणाले, "म्हणजे तिकिटाचा नंबर वेबिलाशी जुळवायचा, तसंच की रं."

अगदी तसंच. (वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद.) इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता मी स्वतः टाइप केला, आलेल्या लिंकवरून गेलो नाही. पहिल्याच पानावर क्विक लिंक्समध्ये ही सोय आहे आणि तिला लॉगिन लागत नाही. एकतर पॅन, कागदाचा प्रकार, वर्ष आणि तारीख घाला, नाहीतर नुसता डीआयएन. सोबत मोबाइल नंबर द्यायचा, त्यावर ओटीपी येतो. इथं मामा भडकले. "ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून माझ्या कानी कपाळी ओरडतोस, आणि आता तूच घालतोस व्हय?" रास्त शंका. त्यांना म्हटलं, हा ओटीपी आपण मागवला, आपण उघडलेल्या सरकारी पानावर आपल्याच हातानं घातला. फोनवरच्या माणसाला तो सांगायचा नाही.

ओटीपी टाकला. उत्तर आलं, या क्रमांकाची नोंद नाही. मग खात्रीसाठी मालकांना मागं आलेल्या खऱ्या नोटिशीचा नंबर घातला, तर ती तारखेसकट दिसली. तेव्हा कुठं मामांनी चहा घेतला.

एक तारा का कापला? ही सोय कागद तपासते, आवाज नाही. नुसताच फोन आला आणि कागद नसला तर तिचा उपयोग नाही. तेव्हा फोन ठेवून पोर्टलवर आपल्या खात्यात लॉगिन करायचं. खरी थकबाकी असेल तर 'पेंडिंग ॲक्शन्स'मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' खाली दिसते. ती भरायची तर पोर्टलच्या 'ई-पे टॅक्स'मधून चलन काढून, कुणा साहेबाच्या यूपीआयवर नाही. रिफंडसुद्धा पोर्टलवर आधी तपासून घेतलेल्या बँक खात्यातच येतो, त्याला कुणाला कार्डाचा नंबर लागत नाही की ॲप उतरवावं लागत नाही. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा मेसेज फिरत होता, तो पीआयबीनं, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयानं, खोटा म्हणून जाहीर केला होता. आमच्या यार्डातही दोघांना आला होता.

आणि यात फक्त म्हातारीकोतारी भोळी माणसं सापडतात असं समजू नका. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथली पोरं तर अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्या आयकर खात्याच्या नावानं दम देऊन पैसे काढत होती. धंदा तोच, भाषा तेवढी बदलली.

पैसे गेले नव्हते, म्हणून तो नंबर आम्ही दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू' सोयीत कळवला. पैसे गेले असते तर चक्षूचा उपयोग नव्हता, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावायला हवा होता. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या पुढच्या खात्यांत पांगतो.

चार दिवसांनी मामांना परत फोन, माणूस दुसरा. मामा म्हणे एकदम ड्युटीवरच्या आवाजात बोलले, "नंबर बोला. वेबिलाशी जुळवून बघतो."

त्यानं फोन ठेवला. मामांना वाईट एवढंच वाटलं, की वेबिल म्हणजे काय ते त्यानं विचारलंसुद्धा नाही.