लेकराच्या गळ्यातला बो: मागं इलास्टिक लावावं की टिचबटण?

आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या दुकानात झब्बा-पायजम्यांच्या गठ्ठ्याशेजारी बो टायची विचारणा सुरू होते. नवरदेवाचे भाचे, पुतणे, वरमाईच्या माहेरची पोरं, सगळ्यांना एकाच रंगाचा बो हवा असतो. वडील गादीवर बसायचे तेव्हा पहिल्यांदा अशी ऑर्डर आली होती. त्यांनी तो तयार बो बोटांत धरून फिरवला आणि विचारलं, "हाऊ पोऱ्या शे का बँडवाला?" आता तसं कुणी विचारत नाही. पुष्कळ ताया घरच्या मशीनवरच शिवून घेतात आणि शिवायच्या आधी एकच गोष्ट विचारून जातात: मागं इलास्टिक घालू का पट्टीला बटण?

मी दोन्ही शिवले आहेत, घरच्या पोरांनाही आणि गिऱ्हाइकांनाही. काही वर्षं इलास्टिकच वापरलं. आता सहसा वापरत नाही. पण ते एकदम टाकाऊ आहे असं म्हणणार नाही.

पुढचा बो दोन्हीकडे सारखाच. तीन-चार वर्षांच्या पोराला साडेतीन इंच रुंद आणि दोन इंच उंच बो शोभतो, त्याहून मोठा केला की हनुवटीला लागतो. त्यासाठी साडेचार बाय साडेसात इंचाचा तुकडा घ्या, फ्युजिंग (कापड ताठ करणारं अस्तर) चिकटवा, लांबीत दुमडून पाव इंचावर टीप मारून नळी करा, उलटवा, टोकं अर्धा इंच एकमेकांवर चढवून मधोमध टाका घाला. साटीन असेल तर 11 नंबरची सुई लावा, 14 नंबरने भोकं दिसतात. जुन्या साडीचा जरीकाठ असेल तर फ्युजिंग पातळ घ्या, नाहीतर मधल्या चुण्या पडतच नाहीत आणि बो फळकुटासारखा उभा राहतो. मधल्या गाठीची पट्टी बोला घट्ट शिवा, पण तिच्या मागून पाऊण इंची पट्टी सरकेल एवढी जागा ठेवा. ही जागा ठेवली की मागचं काहीही नंतर बदलता येतं.

इलास्टिकच्या बाजूने बोलायचं तर काम झटपट होतं. पाव इंची इलास्टिक गाठीच्या मागून ओवलं, टोकं एकमेकांवर ठेवून मशीन पुढं-मागं चालवली की संपलं. बटण लावायचं नाही, हातशिलाई नाही, माप एक-दीड इंच इकडेतिकडे झालं तरी चालतं. डिसेंबरात शाळांची गॅदरिंग असतात तेव्हा एकेका नाचाला पंचवीस-तीस पोरं. पडद्यामागं बाईंना दहा मिनिटांत सगळ्यांना तयार करायचं असतं. तिथं पंचवीस मानांमागं पंचवीस बटणं लावत बसायला कुणाला सवड आहे? एकाच मापाची कडी करायची, बाई डोक्यातून भराभर घालत जातात. शिवाय तेव्हा संध्याकाळी स्वेटर लागतो, घामाचा प्रश्न नाही. गॅदरिंगसाठी कुणी विचारलं तर मी आजही इलास्टिकच सांगतो.

अडचण लग्नाची आहे. आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेमधली, पारा 43-44 वर, आणि भुसावळकडचं लग्न असलं तर त्याहून वर. इलास्टिकची पट्टी मानेला सगळीकडून चिकटून बसते. तासाभरात लाल वळ उठतो, संध्याकाळी त्याच रेषेवर घामोळ्या. सैल केलं तर बो छातीवर लोंबतो. त्यात हे कडं डोक्यातून जायला हवं. तीन वर्षांच्या पोराची मान साधारण 10 इंच, डोकं 19-20 इंच. मानेला नीट बसेल असं इलास्टिक दर वेळी दुपटीने ताणायचं, म्हणजे चार लग्नांत ते ढिलं पडणार. वर कान दुमडतात, भांग विस्कटतो, पोरगं कपडे घालतानाच रडायला लागतं. तरी मी म्हणेन, हे सगळं सांभाळून घेता येतं. मऊ इलास्टिक मिळतं, कॉलरच्या आतून घातलं तर वळ कमी पडतो.

माझं इलास्टिक सुटलं ते वेगळ्याच कारणाने.

एरंडोलकडे बहिणीच्या सासरचं लग्न होतं. घरच्या सात पोरांसाठी मेंदी रंगाच्या साटीनचे सात बो मी शिवले होते, सगळे इलास्टिकचे. शिलाई चांगली जमली होती, चुण्या सातही बोंच्या सारख्या. पहिली मंगलाष्टका सुरू झाली. माझा चार वर्षांचा भाचा बहिणीच्या कडेवर होता. त्याने बो दोन्ही हातांत धरला, हात लांब होईल तिथवर ओढला आणि सोडला. फट्. गळ्यावर बसला. त्याला ते फारच आवडलं. पुन्हा ओढला, पुन्हा फट्. समोरच्या पोराने बघितलं. दुसरी मंगलाष्टका संपेपर्यंत पाच पोरं ताणत होती, आणि भटजींच्या 'सावधान'च्या आधी दर वेळी कुठून तरी फट् ऐकू यायचं. इथवर ठीक होतं, लोक हसत होते. मग एकाने स्वतःचा सोडून शेजारच्या दोन वर्षांच्या पोराचा बो ओढला आणि सोडला. तो थेट त्याच्या हनुवटीखाली बसला आणि मांडवात असा टाहो फुटला की बँडवालेसुद्धा वळून बघायला लागले. एका मावशींनी मोठ्याने विचारलं, "कोणी शिवलं रे हे?" मी तेव्हा बट्टीच्या पंगतीत पुढं सरकलो होतो आणि वरणाच्या वाटीकडे फार लक्ष देत होतो.

फोटो आले तेव्हा बघितलं, सात पोरांपैकी एकाचाही बो जागेवर नव्हता. कुणाचा कानाखाली, कुणाची गाठ एका बाजूला सरकलेली, एकाचा तर पाठीवर. दर ओढीत गाठीची पट्टी थोडी थोडी फिरते. शिलाई कितीही चांगली असो, ताणणारी वस्तू पोराच्या हाताजवळ ठेवली तर ते ताणणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. तुमचं लेकरू शांत असेल तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही. माझ्या नात्यात तसं एकही नाही.

त्यानंतर मी पट्टी आणि टिचबटणावर आलो. पट्टी ताणत नाही, म्हणून फट् वाजत नाही, म्हणून खेळ रंगत नाही. पोरगं एकदा ओढून बघतं, मजा येत नाही, सोडून देतं. जोरात ओढलं तर मागचं बटण सुटतं आणि बो हातात येतो. मला हेच बरं वाटतं. गळ्यातली वस्तू कुठं अडकली तर सुटली पाहिजे. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तर न सुटणारं कडं गळ्यात घालूच नये असं माझं मत आहे, आणि बो कोणताही असो, लेकरू झोपलं की काढून ठेवावा.

पट्टीचा दुसरा फायदा आपल्या उन्हाळ्याचा. पुढचा बो साटीनचा हवा तर असू द्या, मागची पट्टी सुती घ्या. कॉलरखाली ती कुणाला दिसत नाही आणि घाम टिपते. आजूबाजूला सगळी कपाशी, आणि लेकराच्या मानेभोवती पॉलिस्टर आवळायचं हे मला तरी पटत नाही. लग्नात आमरस असतोच. पट्टी सरकवून बो बाजूला काढता येतो, पट्टी साबणाने धुवा, बो ओल्या फडक्याने पुसा.

आता तिचे दोष. वेळ जास्त लागतो, माझा प्रत्येक बोमागं पंधरा मिनिटं तरी. गळ्याचं माप अचूक लागतं. शर्टाचं वरचं बटण लावून कॉलरवरून टेप फिरवायची, आत आपलं एक बोट ठेवायचं, आणि येईल त्या मापात एक इंच वाढवायचा, कारण टोकं एकमेकांवर यायला हवीत. पट्टी दोन इंच रुंद कापली तर शिवून पाऊण इंच होते. दूरच्या भाच्याचं माप फोनवरून मागवलं की घोटाळा ठरलेला, पाठवणाऱ्याने टेप कुठं धरली हे कळत नाही. आणि बो हरवतात. सुटून पडला की पोरगं मागं वळून बघत नाही. एका लग्नात माझा जरीकाठाचा बो खुर्च्यांची थप्पी उचलताना सापडला, एक तर सापडलाच नाही. इलास्टिकचा कधी हरवला नव्हता, हे कबूल करतो.

टिचबटण लावण्यात एक चूक सगळेच करतात, मीही केली. सुई दोन्ही पदरांतून आरपार काढली जाते, मग दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला येते आणि मानेला टोचत राहते. पोरगं दिवसभर मान खाजवतं आणि आपल्याला वाटतं घामोळ्या आल्या. टाका फक्त वरच्या पदरातून घ्यायचा, गाठ दोन पदरांच्या मध्ये दडवायची. बटण प्लास्टिकचं घ्या. लोखंडी बटणाला घामाने गंज चढतो आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला तपकिरी ठिपका पडतो, तो निघत नाही. आणि बटणाच्या एका भागासाठी दोन जागा करा, अर्ध्या इंचाच्या अंतराने. यंदा आतली, पुढच्या वर्षी बाहेरची. एवढं केलं तर तोच बो दोन वर्षं सहज जातो, मोठ्याचा धाकट्याला होतो तो वेगळाच.

वेलक्रोबद्दल पुष्कळ जण विचारतात. लावायला सोपा आहे, पण त्याची खरखरीत बाजू साटीनचे धागे ओढते, मानेवरच्या बारीक केसांत अडकते आणि दोन धुण्यांत त्यात कापसाचं भुसकट भरतं. कॉलरला लावायची क्लिपही मिळते. ती वरचं बटण लागलेलं असेल तोवर सुंदर दिसते. मेच्या दुपारी कोणती आई लेकराचं वरचं बटण लागलेलं ठेवते? बटण उघडलं की बो एका बाजूच्या कॉलरला धरून लोंबकळतो. थंडीतल्या वाढदिवसाला चालेल.

मागच्या हंगामात पारोळ्याच्या एक ताई आल्या. लग्नाला चार दिवस, पोरगा पाच वर्षांचा, त्यांना इलास्टिकच हवं होतं, "भाऊ, बटणाची कटकट नको." मी फार बोललो नाही. एक बो शिवला आणि त्याच्यासोबत दोन्ही दिलं, इलास्टिक आणि सुती पट्टी, जे बरं वाटेल ते ओवून घ्या म्हटलं. लग्नानंतर त्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या तेव्हा पोरगा सोबत होता. बो पट्टीवरच होता, आमरसाचा एक डाग सोडला तर ठीक. इलास्टिकचं काय केलं म्हणून विचारलं, तर त्याने खिशातून दोन फाट्यांची बाभळीची काडी काढून दाखवली. गलोल छान बांधली होती.