सभासदांची यादी साफ करायची आहे: एक्सेल, गूगल शीट्स की ओपनरिफाइन?

वाचनालयाची सभासद-यादी वर्षानुवर्षं पाच-सहा जणांच्या हातून टाइप झालेली असते. एका ओळीत ‘दिलीप’, दुसरीत ‘दिलिप’. कुठे ‘मु. पो.’, कुठे ‘मुक्काम पोस्ट’. अशी चारेक हजार ओळींची यादी मी गेल्या वर्षी साफ केली आणि त्यासाठी तीनही साधनं वापरून पाहिली: एक्सेल, गूगल शीट्स आणि ओपनरिफाइन, म्हणजे विस्कळीत याद्या साफ करण्यासाठीच केलेलं फुकट साधन. ज्यांना हे काम आता करायचंय त्यांनी ओळी किती आहेत यावर साधन ठरवू नये. यादीत कचरा कुठल्या प्रकारचा आहे, ते आधी बघावं.

एक्सेल बहुतेकांकडे असतंच. जास्तीच्या रिकाम्या जागा काढायला ‘ट्रिम’ आहे, पण वेबपानावरून नकललेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस (दिसते साध्या जागेसारखीच, पण संगणकाच्या लेखी वेगळं चिन्ह, क्रमांक १६०) त्याने जात नाही, ती ‘सब्स्टिट्यूट’ या अदलाबदलीच्या सूत्राने वेगळी काढावी लागते. नाव-आडनाव वेगळं करायचं तर एकदोन ओळी हाताने भरून कंट्रोल-ई दाबा. ही फ्लॅश फिलची सोय २०१३च्या आवृत्तीपासून आहे. दर महिन्याला त्याच साच्यातली यादी येत असेल तर एक्सेलमधलीच पॉवर क्वेरी ही सोय शिकाच: एकदा लावलेल्या पायऱ्या नव्या फाइलवर ‘रिफ्रेश’ने पुन्हा चालतात.

एक्सेलचा मोठा धोका म्हणजे ते न विचारता मजकूर बदलतं. इंग्रजी आकड्यांत टाकलेला ५/२ हा घर क्रमांक ५ फेब्रुवारी होऊन बसतो. या खोडीपायी २०२०मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली, कारण जुनी नावं एक्सेलला तारखा वाटत. म्हणून पत्त्याचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग मजकूर भरा. यूटीएफ-८मधली (मराठी अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मराठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून उघडली तरी अनेकदा अक्षरांचा चुराडा दिसतो. ती डेटा मेनूतून आत घ्या. नाहीतर लिब्रऑफिस कॅल्कमध्ये उघडा. ते उघडतानाच कुठलं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, हवं ते विचारतं आणि फुकट आहे.

चार स्वयंसेवक एकाच वेळी बसणार असतील तर गूगल शीट्सला तोड नाही. कोणी काय बदललं तेही मागे जाऊन पाहता येतं. ‘रेजेक्सरिप्लेस’ने (ठरावीक नमुन्याचा मजकूर शोधून बदलणारं सूत्र) नावापुढची उपपदं झटक्यात उडतात, पण तिथे जपून. मी नुसतं ‘श्री’ काढायला सांगितलं, तर श्रीधरचा ‘धर’ झाला आणि श्रीमतींची ‘मती’ उरली. ‘श्री’नंतर टिंब किंवा जागा असेल तरच काढ, असं लिहावं लागतं. शिवाय सभासदांचे फोन आणि पत्ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवायचे का, हे कार्यकारिणीला विचारल्याशिवाय ठरवू नका.

नावांच्या लेखनातला गोंधळ हाच मुख्य त्रास असेल, आणि मराठी यादीत बहुधा तोच असतो, तर माझं मत ओपनरिफाइनच्या बाजूने आहे. एक्सेल आणि शीट्समधलं ‘डुप्लिकेट काढा’ फक्त तंतोतंत सारख्या ओळी पकडतं. ओपनरिफाइनमधलं ‘क्लस्टर’ सारख्या वाटणाऱ्या नोंदींचे गट करून समोर ठेवतं. त्याची फिंगरप्रिंट पद्धत विरामचिन्हं काढते आणि शब्द क्रमाने लावते. त्यामुळे ‘ता. पाटण, जि. सातारा’ आणि ‘जि. सातारा ता. पाटण’ एका गटात येतात. दिलीप-दिलिपसाठी लेव्हनश्टाइन अंतराची पद्धत (एका नोंदीची दुसरी करायला किती चिन्हं बदलावी लागतात ते मोजणारी) निवडा आणि तिथला ब्लॉक, म्हणजे तुलना होण्यासाठी निदान किती सलग चिन्हं सारखी हवीत तो आकडा, ६वरून ३वर आणा, नाहीतर छोटी नावं निसटतात. उच्चारावर चालणाऱ्या पद्धती इंग्रजी-जर्मनसारख्या भाषांसाठी आहेत, त्यात वेळ घालवू नका. हे साधन ब्राउझरमध्ये दिसत असलं तरी आपल्याच संगणकावर चालतं, मूळ फाइलला हात लावत नाही आणि प्रत्येक पायरी मागे घेता येते. शिकायला एक रविवार जातो.

एक गोष्ट मात्र तिन्हीकडे स्वतःलाच पाहावी लागते. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: कुणी ऱ या स्वतंत्र अक्षराने, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक ८२०५) वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन गावं वाटतात. नुसतं जोडचिन्ह काढलंत तर र्-चा रफार होऊन शब्द बिघडतो, म्हणून र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही मिळून एकदम ‘ऱ्’ने बदला. उस्मानाबाद आणि धाराशिव एकच, हे तर कुठल्याही क्लस्टरला कळणार नाही. त्यासाठी जुन्या-नव्या नावांचा छोटा तक्ता करून ‘व्हीलुकअप’ (तक्त्यातून जोडीचं नाव शोधून आणणारं सूत्र) लावणं सोपं.

आणि गट दिसला की लगेच ‘मर्ज’ दाबू नका. माझ्या यादीत एकाच गल्लीतल्या एका आडनावाच्या ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ एका गटात आल्या होत्या. फोन क्रमांक वेगळे होते. फोन करून विचारलं, तर त्या खरंच दोघी निघाल्या, जावा-जावा.