पणजीचा ओपिनियन पोल वॉक: पैसे वसूल, पण टोपी न्या

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा यावर १९६७ ला लोकांचं मतदान घेतलं, तोच ओपिनियन पोल; त्याची गोष्ट सांगत पणजीत चालवतात. कुडाळहून मुद्दाम यासाठी गेलो. आमचे आजोबा शेवटपर्यंत "गोवा थोडक्यात हुकला" म्हणायचे, पण कसा हुकला ते कोणी धड सांगत नव्हतं. माणशी सहाशे रुपये, तीन तास, सुरुवात जुन्या सचिवालयाजवळ.

गाईड पोरगा भारी तयारीचा. पहिलाच प्रश्न टाकला की १९६३ ची निवडणूक विलीनीकरणाच्या मुद्द्यावर जिंकलेले गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १६ जानेवारी १९६७ ला त्याच मुद्द्यावर हरले कसे? आम्ही सगळे लगेच धर्म वगैरे बोलायला लागलो. तो म्हणाला, मग फूलच यायला हवं होतं ना, हिंदू जास्त होते! (फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं.) फुलाला १,३८,१७० आणि पानांना १,७२,१९१, म्हणजे भाऊंच्याच बऱ्याच मतदारांनी पानांवर शिक्का मारला.

त्याचं म्हणणं असं की निवडणुकीत कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारे), जात, पक्ष, माणूस सगळं एकत्र मिसळतं, इथे मात्र एकच प्रश्न सुटा करून विचारला, आणि तसाच विचारा हा आग्रह विलीनीकरणाच्या विरोधातले नेते जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा, शिवाय मतदानाआधी भाऊंच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला त्यामुळे सरकारी यंत्रणाही हातात नाही. वर महाराष्ट्रातली दारूबंदी, बाहेरचे नोकऱ्या नेतील ही भीती, कोकणीचा प्रश्न. मला लागलं ते वेगळंच, विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारं 'राष्ट्रमत' चक्क मराठी दैनिक होतं! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे. म्हणजे मराठी वाचणाऱ्यालाच मराठीतून पटवलं की आपण वेगळे राहू.

मध्येच ब्रेक्झिट (ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं का यावरचं मतदान) आणि तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरून आणले ते ओढूनताणून वाटलं. कॅमेरून हरल्यावर घरी गेले, भाऊ तर त्याच वर्षी निवडणूक जिंकून परत मुख्यमंत्री झाले. लोकांना भाऊ हवे होते, मुंबई नको होती.

तक्रारी पण आहेत. मिरामारला भाऊंच्या समाधीपर्यंत भर उन्हात चालवतात, तिथे पोचेपर्यंत गाईडच्या स्पीकरची बॅटरी संपलेली, मागच्यांना काही ऐकू येईना. दोनापावलाला सिक्वेरांचा पुतळा बघायला गाडी आपली आपण करायची, हे बुकिंगच्या वेळी सांगितलंच नव्हतं. सकाळची बॅच घ्या.

चार स्टार. आजोबा असते तर गाईडशी भांडले असते.